जुना ओटा-कपाटं तोडायच्या आधी

तोडफोड सुरू करण्याआधी कपाटांचे सांगाडे नीट तपासा. बोर्ड फुगलेला नसेल, बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट बसत असतील, तर नुसती दारं बदलून काम भागतं. नवीन बोर्ड घ्यावाच लागला तर फॉर्माल्डिहाइडचं (बोर्डाच्या गोंदातून हवेत येणाऱ्या अपायकारक वायूचं) उत्सर्जन कमी असलेला, ई१ किंवा ई० ग्रेडचा मागा. नुसत्या ‘इको’ लेबलवर मी तरी भरवसा ठेवत नाही. कापलेल्या कडा सगळ्या बाजूंनी एजबँडिंग करून, म्हणजे पट्टी चिकटवून बंद करून घ्या. सिंकखालच्या कडा हमखास उघड्या राहतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. फ्रिज शेगडीला चिकटून नको. इंडक्शन घेणार असाल तर आधी भांड्यांच्या बुडाला चुंबक लावून बघा; चिकटला तरच ती भांडी त्यावर चालतील. नळाला एरेटर (पाण्यात हवा मिसळून पाणी वाचवणारी तोंडाची जाळी) मात्र आजच बसवा, त्यासाठी नूतनीकरणाची वाट कशाला बघायची?