“ताई, त्या इंजेक्शनात अजून काय घालणार?”

मधुमेही पायाच्या ऑपरेशनआधी हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. हृदय, किडनी नाजूक असली की भूलतज्ज्ञ अनेकदा पूर्ण भूल टाळतात, गुडघ्यामागची नस (मज्जातंतू) इंजेक्शननं बधिर करतात. परिणाम लांबावा म्हणून त्यात कधी आणखी एक औषध, म्हणजे जोड औषध, मिसळतात. तिथे माणसं अडतात.

साठीचे एक काका. अंगठ्याची जखम हाडापर्यंत गेलेली, अंगठा काढायचा होता. “स्टिरॉइड घालणार म्हणे. साखर चढली तर जखम भरेल का?”

शंका रास्त होती. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं साखर एक-दोन दिवस चढू शकते, म्हणून ती वरचेवर तपासून इन्सुलिन जुळवतात. हे सांगितलं. काकांनी मान डोलावली, पण सही करेनात.

समजावूनही माणूस अडतो तेव्हा पुन्हा तेच समजावू नये, अशी माझी ठाम धारणा आहे. मी विचारलं, “पाय बधिर झाला की पुढं काय होईल असं वाटतं?”

बराच वेळ ते पायाकडे बघत राहिले. “चप्पल निसटली तरी कळत नाही मला. जेवढं कळतंय तेवढंही गेलं तर?”

शेजारी बसलेल्या काकू चमकल्या. घरात हे कधी निघालंच नव्हतं. साखर हा चारचौघांत बोलता येणारा प्रश्न होता. खरी धास्ती उरलेली संवेदना गमावण्याची होती, आणि तिला कुणी हातच लावला नव्हता.

तोच प्रश्न मी त्यांना भूलतज्ज्ञांना स्वतः विचारायला लावला. उत्तर सरळ मिळालं: नसेला इजा क्वचित होते, पण आधीच दुखावलेल्या नसांबाबत जास्त जपावं लागतं. मधुमेहात बधिरपणा एरवीही जास्त वेळ टिकू शकतो, त्यामुळे जोड औषध लागेलच असं नाही. डेक्समेडेटोमिडिन या दुसऱ्या जोड औषधानं सहसा साखर चढत नाही, पण नाडी आणि रक्तदाब उतरू शकतो, आणि काकांची नाडी मुळातच मंद. शेवटी जोड औषधाशिवाय करायचं ठरलं. आधी पायाची संवेदना तपासून नोंदवली. काकांनी सही केली, तीही समजून. या कामातलं मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर भूलतज्ज्ञांना नक्की विचारा: माझ्यासाठी जोड औषध कशाला, आणि त्याशिवाय चालेल का? मुंग्या, बधिरपणा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं सांगा. बधिरपणा उतरायच्या आत वेदनेची गोळी कधी घ्यायची तेही विचारून ठेवा. आणि पाय जागा होईपर्यंत एकट्यानं उठू नका, गरम पाण्याची पिशवी तर अजिबात लावू नका. भाजलेलं कळणारच नाही.