बेलफास्ट की डब्लिन? एकीकरणाच्या भरवशावर ऑफर निवडू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात दोन ऑफर आहेत, बेलफास्टच्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सची आणि डब्लिनच्या एका नर्सिंग होमची. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये येतं, डब्लिन दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंडमध्ये, आणि हे दोन्ही आयर्लंड एक होणार अशी चर्चा ऐकताय. मग बेलफास्टला गेलं तर पुढे आयर्लंडचा, म्हणजे युरोपियन युनियनचा पासपोर्ट आपसूक पदरात पडेल का? आणि तिथलं वातावरण तापलं तर काय?

पडणार नाही. निदान तसा हिशेब धरून जाऊ नका.

आधी हे होतं कसं ते बघा. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार उत्तर आयर्लंडचा निर्णय तिथले मतदार घेणार, आणि ५०% पेक्षा एक मत जास्त पडलं तरी पुरे. सार्वमत कधी घ्यायचं हे लंडन सरकारचा उत्तर आयर्लंड मंत्री ठरवतो. एकीकरणाला बहुमत मिळण्याची शक्यता दिसली की सार्वमत घेणं त्याला बंधनकारक आहे. पण ती शक्यता मोजायची कशी, पोलवरून की निवडणुकीच्या निकालावरून, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. एकदा कौल घेतला की पुढची किमान ७ वर्षं परत घेता येत नाही. दक्षिणेच्या संमतीशिवायही एकीकरण होत नाही, त्यामुळे मतदान सीमेच्या दोन्ही बाजूंना होणार. यापूर्वी एकदाच, मार्च १९७३ मध्ये, उत्तरेत असा कौल घेतला होता. राष्ट्रवादी, म्हणजे एकीकरण हवं असलेल्या, बहुतांशी कॅथलिक पक्षांनी बहिष्कार घातला आणि जवळपास ९९% मतं ब्रिटनच्या बाजूने पडली. त्या आकड्यावरून कुणाचंच समाधान झालं नाही.

आता लोकांचं मत. 'आयरिश टाइम्स' आणि अ‍ॅरिन्स हा संशोधन प्रकल्प मिळून दरवर्षी दोन्हीकडे पाहणी करतात. उत्तरेत २०२२ मध्ये एकीकरणाला २७% आणि ब्रिटनमध्ये राहायला ५०% होते. २०२४ च्या पाहणीत ३४% आणि ४८%. फरक कमी होतोय, पण मिटलेला नाही. दक्षिणेत साधारण दोन तृतीयांश लोक 'हो' म्हणतात. मात्र तो होकार वरवरचा आहे. झेंडा बदलावा लागेल, राष्ट्रगीत बदलावं लागेल म्हटल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचा हात आखडतो; २०२२ च्या पाहणीत जवळपास निम्म्यांनी सांगितलं की अशा अटीवर 'हो' म्हणायची शक्यता कमी होईल. भावाने वाड्यात परत यावं ही इच्छा खरी, पण देवघर हलवायचं नाही, असा प्रकार.

उत्तरेतल्या युनियनिस्टांची, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या, बहुतांशी प्रोटेस्टंट लोकांची अडचण नेमकी इथेच आहे. आयर्लंडचा हिरवा-पांढरा-नारिंगी तिरंगा त्यांच्या लेखी समोरच्या पक्षाचा झेंडा. प्रोटेस्टंटांच्या सणाची १२ जुलैची सुट्टी, स्टॉरमाँटची, म्हणजे उत्तर आयर्लंडची विधानसभा एकीकरणानंतरही ठेवायची का, १९४९ मध्ये सोडलेल्या कॉमनवेल्थमध्ये पुन्हा जायचं का, हे सगळे वाटाघाटीचे मुद्दे आहेत. एक गोष्ट मात्र करारात पक्की आहे: उत्तर आयर्लंडच्या लोकांना ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्व ठेवायचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि सार्वभौमत्व बदललं तरी तो जात नाही. बाहेरून व्हिसावर आलेल्यांबद्दल त्यात काही नाही.

निकाल झेंड्यावर लागेल असं वाटत नाही, दवाखान्यावर लागेल. उत्तरेत जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायला पैसे लागत नाहीत, प्रिस्क्रिप्शनची औषधं २०१० पासून मोफत आहेत. दक्षिणेत सरकारी सवलतीचं मेडिकल कार्ड किंवा जीपी व्हिजिट कार्ड नसेल तर एका खेपेला साधारण ५० ते ७० युरो मोजावे लागतात. उलट उत्तरेत ऑपरेशनच्या याद्या भयंकर लांब, आणि दक्षिणेत पगार जास्त. त्यात उत्तरेचा खर्च आणि तिथला कर यांत वर्षाला साधारण १० अब्ज पौंडांची तूट आहे, ती आज लंडन भरतं. यातलं पेन्शन आणि राष्ट्रीय कर्ज पुढे कुणाच्या खात्यावर पडणार, यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. तुम्ही सरकारी आरोग्य खात्यात लागलात तर तुमचं पेन्शनही याच वादात येईल.

बेलफास्टला रुजू होताना एक कागद पुढे येईल. ११ किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाला कर्मचाऱ्यांची सामाजिक पार्श्वभूमी नोंदवावी लागते. पर्याय तीन: प्रोटेस्टंट समाजातले, रोमन कॅथलिक समाजातले, दोन्हींपैकी नाही. तिसऱ्यावर खूण करा. कोरा ठेवलात तर इतर माहितीवरून, अगदी शाळेच्या नावावरूनही, अंदाज बांधायची पद्धत आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकला असाल तर कॅथलिक ठराल! २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७% आणि प्रोटेस्टंट ४३.५% निघाले, म्हणजे बहुमत कुणाकडेच नाही. उरलेला रकाना निर्णायक आहे आणि तुम्ही त्यातच मोजल्या जाणार.

मोजल्या जाणार म्हणजे मतानेही. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून उत्तर आयर्लंडमध्ये कायदेशीर राहत असताना संसद आणि विधानसभेला मत देऊ शकतात. एकीकरणाच्या कौलात कोण मत देणार हे त्या वेळचा आदेश ठरवेल, पण ब्रेक्झिटचा कौल संसदेच्या मतदारयादीवरच झाला होता. डब्लिनमध्ये तुम्हाला फक्त स्थानिक निवडणुकीत मत. सार्वमतात मत द्यायला आयरिश नागरिक असावं लागतं. बेलफास्टला गेलात तर यादीत नाव घाला आणि इलेक्टोरल ऑफिसकडून मोफत मिळणारं ओळखपत्र काढून ठेवा, कारण केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं.

आता पासपोर्टचं घड्याळ, इथेच लोक फसतात. दोन देशांची वर्षं एकमेकांत मिसळत नाहीत. दक्षिणेत नर्स क्रिटिकल स्किल्स परमिटवर येतात, २ वर्षांनी स्टॅम्प ४ (परमिटशिवाय काम करायची मुभा), आणि मागच्या ९ पैकी ५ वर्षं धरून नागरिकत्वाचा अर्ज. शेवटचं वर्ष सलग हवं. बेलफास्टमधली वर्षं त्यात धरत नाहीत. अपवाद आयरिश नागरिकाच्या जोडीदाराला: त्याला पूर्ण बेटावरचं वास्तव्य चालतं. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याला ५ वर्षांची अट होती, ती १० करायचा विचार सरकारने मे २०२५ मध्ये मांडला. सही करताना चालू नियम वाचा. बाळाचा नियम मात्र वेगळा आहे. जन्माआधीच्या ४ पैकी ३ वर्षं आई किंवा वडील बेटावर कुठेही कायदेशीर राहिलेले असले, तर बेलफास्टला जन्मलेलं बाळही आयरिश नागरिकत्वाला पात्र ठरतं. अभ्यासक्रमाच्या व्हिसावरचा काळ त्यात धरला जाईल असं मात्र गृहीत धरू नका.

नोंदणीचंही तसंच. ब्रिटनची एनएमसी आणि आयर्लंडची एनएमबीआय या नर्सिंग परिषदा वेगळ्या. सीबीटी आणि ओएससीई या परीक्षा देऊन एनएमसीची नोंदणी झाली तरी डब्लिनला जायचं तर नवा अर्ज, नवी फी, परत महिनोन्‌महिने वाट. म्हणून कुठे स्थायिक व्हायचंय ते आधी ठरवा, नोंदणी मग.

सीमा दिसत नाही यावर जाऊ नका. रस्त्यावर मैलांचे किलोमीटर होतात, एवढीच खूण. पण त्या मोकळ्या प्रवासाचा हक्क ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांचा आहे. ब्रिटनच्या वर्क व्हिसावर असताना दक्षिणेत जायला आयरिश व्हिसा लागतो, उलट दिशेलाही तेच. बसमध्ये, बेलफास्ट-डब्लिन एंटरप्राइझ रेल्वेत अधूनमधून पोलीस चढून कागद बघतात. 'सगळे जातात' म्हणून सीमेपलीकडच्या डंडॉकला खरेदीला जाऊ नका, पुढच्या अर्जात ते नडतं.

वातावरणाचं म्हणाल तर स्थलांतरितांवरचा राग हा एकीकरणाच्या वादाहून वेगळा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बेलफास्टला, जून २०२५ मध्ये बॅलिमीनाला दंगली झाल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्येही भारतीयांवर हल्ले झाले. त्यामुळे शहर बदलून धोका टळत नाही, गल्ली बघावी लागते. घर बघायला जुलैच्या सुरुवातीला जमलं तर उत्तम: ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेल्या फुटपाथच्या कडा, खांबाखांबावर झेंडे, मैदानात रचत आणलेली लाकडी फळ्यांची होळी दिसली तर गल्ली कुणाची ते कळतं. हिरव्या-पांढऱ्या-नारिंगी कडांचा अर्थही तसाच, फक्त बाजू उलटी. पहिलं वर्ष विद्यापीठाच्या आजूबाजूच्या मिश्र वस्तीत भाड्याने काढा. आणि वॉर्डात डेरी की लंडनडेरी (एकाच शहराची दोन नावं, पहिलं राष्ट्रवाद्यांचं, दुसरं युनियनिस्टांचं) हा शब्द निघाला, तर पेशंट जो म्हणेल तोच म्हणा.