गाडीचा टो-इन विमानाला लावू नका

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही तिघं मित्र रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात प्लॅनवरून टू-सीटर विमान बांधतोय, टेलव्हीलवालं (तिसरं छोटं चाक शेपटीखाली), पुढच्या दोन चाकांचे पाय अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीचे. अ‍ॅक्सल बसवलेत पण विमान ढकललं की चाकं सरळ वाटत नाहीत. ठाण्यात आमच्या गाड्यांचं अलाइनमेंट करणारे काका म्हणतात थोडा टो-इन ठेवा, म्हणजे चाकांची तोंडं जरा आत वळलेली, सरळ पळेल. ठेवू का? आणि मशीन नसताना मोजायचं कसं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात ठेवू नका. काका गाडीपुरतं बरोबरच सांगतायत, पण टेलव्हील विमानाचा वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे ते जरा वळलं की मागचं वजन त्याला अजून वळवायला बघतं. समजा नाक डावीकडे गेलं, तर भार उजव्या चाकावर येतो, आणि त्या चाकाचं तोंड आत असेल तर ते विमानाला अजून डावीकडेच ओढणार, मग ग्राउंड लूप, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरणं, व्हायला वेळ लागत नाही. तेच चाक किंचित बाहेर बघत असेल तर सावरून घेतं. म्हणून शून्य धरा, नाहीतर दर चाकाला फार तर अर्धा डिग्री टो-आउट, म्हणजे तोंड बाहेर. प्लॅनमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा.

मोजायला मशीन लागत नाही, गवंड्याचं सामान पुरतं. आधी पाण्याच्या नळीने दोन्ही बाजू लेव्हलला आणा, कारण गाळ्याच्या फरशीला पाणी जायला उतार असतोच. मग नाकाखालून आणि शेपटीखालून ओळंबे सोडा, खाली खुणा करा, आणि गेरूची दोरी ताणून फटका मारा, ही तुमची मधली रेघ. दोन्ही चाकं याच रेघेपासून वेगवेगळी मोजायची, नुसतं चाकाचाकातलं अंतर बघितलंत तर दोन्ही चाकं एकाच बाजूला वळलेली असली तरी कळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत पत्रे ठेवा, मधे भरपूर ग्रीस, आणि सीटवर 50 किलोच्या तीन सिमेंटच्या गोण्या ठेवा, म्हणजे दोन माणसांचं वजन आलं. मी एका मित्राच्या विमानाला हे करताना शेवटची गोणी ठेवली आणि वरचा पत्रा चर्रकन सरकून डावं चाक जवळजवळ दोन सूत बाहेर गेलं. कोरड्या फरशीवर टायर रबराने धरून बसतो, पाय मोकळे पसरतच नाहीत, आणि मग माप खोटं येतं.

खिडकीवाल्याकडून 1 मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी आणा. टायरचा फुगवटा आड येतो म्हणून दोन सारखे लाकडी ठोकळे रिमला टेकवून त्यावर पट्टी धरा, अ‍ॅक्सलच्या उंचीवर, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडून रेघेपर्यंतचं अंतर घ्या. पुढचं-मागचं यात 9 मिमी फरक म्हणजे साधारण अर्धा डिग्री, साडेसतरा म्हणजे एक. रिम वाकडी असू शकते, म्हणून चाक अर्धं फिरेल इतकं विमान पुढे ढकला, पत्रे तिथे चाकांखाली घ्या आणि पुन्हा मोजा.

हे सगळं दोनदा करायचं, शेपूट जमिनीवर असताना आणि स्टुलावर उचलून. कंटाळा येतो पण सोडू नका, कारण चाक वरून बाहेर कललेलं असेल तर शेपूट खाली आल्यावर तोच कल टो-इन होऊन बसतो. दोन्हीपैकी एकाही वेळी टो-इन यायला नको असं बघा. नुसता कल थोडा राहिला तर टायर एका कडेने झिजेल, तेवढं चालतं.

दुरुस्ती अ‍ॅक्सल आणि पायाच्या मधे पाचरीसारखा शिम, म्हणजे पातळ धातूचा तुकडा, घालून. 75 मिमीच्या फ्लँजला (पायाला बोल्टने बसते ती चपटी बाजू) अर्ध्या डिग्रीसाठी जाड कडेला 0.65 मिमी जास्त लागतं, मशीनिंग करणाऱ्याकडून नीट करून घ्या. एका बाजूला वॉशर चढवून काम भागवू नका, फ्लँज अधांतरी राहते आणि बोल्ट वाकतो. शिम बसवल्यावर नटच्या बाहेर निदान एक आटा दिसतोय ना बघा, नाहीतर लांब बोल्ट आणा, आणि चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेकची डिस्क कुठे घासायला नको.