वाचणारा एक, पैसे देणारा दुसरा

प्रिय,

तुझं हस्तलिखित मिळालं आणि दोन रात्रींत वाचूनही झालं. आधी एक सांगते, ‘मॅडम’ नको, ताई म्हण. चकव्यात सापडलेली ती मुलगी देवराईत स्वतःच्याच पावलांच्या ठशांमागून चालत राहते ना, तिथे मी उठून दाराला कडी लावली आहे का ते बघून आले. त्यामुळे लिखाणाबद्दल इथे काही लिहीत नाही, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत त्या पाहा. तू विचारलं आहेस ते वेगळंच: पुस्तक स्वतःच काढू का, आणि काढलं तर ते खपवायचं कसं?

काढ. पण एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसव. तुझी कादंबरी वाचणार ती तेरा ते सतरा वर्षांची पोरं, आणि तिचे पैसे देणार ते आई, मामा, शाळेतल्या मराठीच्या बाई किंवा गावातला ग्रंथपाल. मोठ्यांच्या कादंबरीत वाचणारा आणि विकत घेणारा बहुतेकदा एकच असतो. तुझ्याकडे ती दोन माणसं आहेत आणि त्यांना पटणाऱ्या गोष्टीही निराळ्या. मला हे कळायला एक आख्खं पुस्तक बुडवावं लागलं.

त्याचीच गोष्ट सांगते. माझी पहिली अद्भुत कादंबरी मी एका संस्थेकडून ‘पॅकेज’ घेऊन काढली. संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), हजार प्रती, प्रकाशन समारंभ, वृत्तपत्रात बातमी, सगळं एका रकमेत. संपादन म्हणजे कुणीतरी स्पेलचेकर फिरवला होता. मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना रफार उडाले आणि ‘सूर्य’चा ‘सूय’ झाला, तोही नायक पहिल्यांदा गुहेबाहेर येतो त्या वाक्यात. समारंभाला शाल, श्रीफळ, पेढे होते आणि पुस्तक न वाचलेले प्रमुख पाहुणे होते. ते वाचनसंस्कृतीवर चाळीस मिनिटं बोलले. सभागृहात सोळा वर्षांखालचं एकच मूल होतं, माझा भाचा, आणि तो झोपला होता. मग टेंपो आला आणि प्रतींचे खोके माझ्या पलंगाखाली गेले. दोन पावसाळ्यांत तळच्या खोक्यांना कसर लागली.

म्हणून ‘पॅकेज’ हा शब्द ऐकलास की प्रत्येक वस्तू सुटी करून तिची किंमत विचार. आयएसबीएनचंच घे. भारतात तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखक स्वतःच्या नावाने तो घेऊ शकतो. दुसऱ्याने काढून दिला तर नोंद त्याच्या नावावर राहते, आणि उद्या त्याच्याशी बिनसलं की नवा क्रमांक घ्यावा लागतो. छापील आवृत्तीला एक आणि ई-बुकला वेगळा, एवढं लक्षात ठेव. स्वामित्वहक्क तर लिहिल्या क्षणी तुझा झाला, तो कुणी ‘मिळवून देत’ नाही. उलट एक काम कुणीच सांगत नाही: १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढलंस की प्रकाशक तूच.

आता छपाई. तुझी संहिता ए-फोरवर जाडजूड दिसते म्हणून घाबरू नकोस, पण थोडी कापावी लागेल आणि त्याला वाङ्मयाखेरीजचंही कारण आहे. छापखान्यात हिशेब फॉर्म्याचा, सोळा पानांचा एक फॉर्मा. डेमी आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पंधरा फॉर्मे म्हणजे २४० पानं. सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणाऱ्या) कागदावर अशा पुस्तकाचं वजन मुखपृष्ठासकट पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू केली आहे, त्यात पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंतचा, २० रुपयांचा. म्हणजे पाकीट जाड घेतलंस की गेलीस पुढच्या टप्प्यात! तुझी कादंबरी त्या सेवेत बसते का ते छापण्याआधी एक नमुना घेऊन टपालाच्या खिडकीवर विचारून ये. असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना क्षुल्लक वाटतात, पण एकेक प्रत टपालाने पाठवणाऱ्याचं सगळं गणित तिथेच बसतं किंवा फसतं.

हजार प्रती काढू नकोस. ऑफसेटमध्ये मोठा खर्च प्लेटांचा असतो आणि तो प्रतींत वाटला जातो, म्हणून छापखानेवाला ‘हजार घ्या, स्वस्त पडतील’ म्हणणारच. तो खोटं बोलत नाही, फक्त त्याच्या घरात पलंगाखाली जागा करायची नसते. प्लेटा न लागणाऱ्या डिजिटल छपाईवर शंभर काढ. प्रतीमागे जास्त पडतील, पण चूक सापडली तर दुसऱ्या शंभरात ती दुरुस्त होते. दुकानात ठेवायचं तर विक्रेता तीस-चाळीस टक्के मागतो, वितरक मध्ये आला की निम्म्यापर्यंत जातं. अडीचशे रुपये किंमत ठेवलीस तर सव्वाशे हातात, त्यातून छपाई, चित्रकार, मुद्रितशोधक. शिवाय उधारी. आणि दुकानदाराने तुझं पुस्तक ठेवायचं तरी कुठे? एका बाजूला रंगवायची पुस्तकं आणि इसापनीती, दुसऱ्या बाजूला ऐतिहासिक कादंबऱ्या, मधला कप्पाच नाही. माझं पुस्तक मला एकदा ‘अध्यात्म’मध्ये सापडलं, मुखपृष्ठावर समई होती म्हणून.

अक्षरजुळणीवर मात्र पैसे वाचवू नकोस. मजकूर युनिकोडमध्येच ठेव, म्हणजे कुठल्याही संगणकावर, फोनवर तसाच वाचता येईल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल ई-बुक करायला घेतलीस की कचरा होतो. फॉन्ट निवडताना ल आणि श बघ. अनेक फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि मराठी डोळ्याला पानभर खुपत राहतात. अक्षर मोठं ठेव. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं मराठी वाचतात, पण जोडाक्षरापाशी अडखळत वाचतात. दाट छापलेलं पान बघितलं की ती पुस्तक मिटतात. मुद्रितशोधकाला तुझ्या दुनियेतल्या नावांची यादी दे. तुझ्या त्या किल्ल्याचं नाव तिसऱ्या प्रकरणात ऱ्हस्व आहे आणि नवव्यात दीर्घ, आणि ते कुठल्याही शुद्धलेखनाच्या नियमाला विचारता येत नाही, तुलाच ठरवावं लागेल.

मुखपृष्ठ चित्रकाराकडून करून घे. चित्र ई-बुकवर, पोस्टरवर, पुढच्या आवृत्तीवर वापरता येईल असं ईमेलवर लिहून घे आणि त्याचं नाव आत छाप. चित्र आवडायला हवं ते पोरांना. मलपृष्ठावरचा मजकूर वाचते आई, तेव्हा तिथे ‘थरारक’, ‘अंगावर काटा’ वगैरे घालू नकोस, वय आणि गोष्ट चार ओळींत सांग. आणि ‘सप्तखंडी महागाथेचा पहिला खंड’ हे तर अजिबात नको. ग्रंथपाल अपुरी मालिका घ्यायला कचरतो. पहिलं पुस्तक आपल्या पायावर उभं राहील असं संपव, सहा खंड तुझ्या वहीत राहू देत.

आता खपवण्याचं. रील्स कर, नाही म्हणत नाही, पण त्या बघणारं पोरगं पैसे कुठून आणणार हा प्रश्न तिथेही उरतोच. शाळा हीच तुझी खरी बाजारपेठ. तुझ्यासारख्याच अद्भुत कादंबरीचं उदाहरण देते. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या क्रिस्टोफर पाओलिनीने पंधराव्या वर्षी ड्रॅगनची कादंबरी लिहायला घेतली. २००२ मध्ये ती त्याच्या आईवडिलांनी स्वतःच प्रकाशित केली. मग हा मुलगा मध्ययुगीन पोशाख चढवून शाळा, ग्रंथालयं, दुकानं मिळून शंभरावर ठिकाणी बोलत फिरला. कार्ल हायासन या लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती ती प्रत पडली, त्याला आवडली, हायासनने आपल्या प्रकाशकाला सांगितलं आणि २००३ मध्ये मोठ्या संस्थेने ती नव्याने काढली. वाचलं पोराने आणि पुढे नेलं बापाने. (पोशाख तू चढवू नकोस. आपल्याकडे लोकांना वाटेल गॅदरिंग आहे.)

मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा दोन खोके घेऊन गेले. आठवीच्या वर्गात एक प्रकरण वाचलं, पोरं नुसती उसळली, आणि पुस्तक एकही विकलं गेलं नाही. कसं जाणार? आठवीतल्या मुलाच्या खिशात अडीचशे रुपये नसतात. दुसऱ्या शाळेत शहाणी झाले. पहिलं प्रकरण एका फॉर्म्यात, सोळा पानांत बसवलं, मध्ये पिना मारून छोटी पुस्तिका केली आणि फुकट वाटली. वाचताना मी दार करकरत उघडतं तिथे थांबले. शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाई, आत कोण होतं?’’ म्हटलं, पुस्तकात आहे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर पालकांसाठी चार ओळी होत्या: किंमत, वयोगट, आणि प्रती ग्रंथालयाच्या बाईंकडे ठेवल्या आहेत. गुरुवारी परत गेले. एका मुलीने कंपासपेटीतून पन्नासाच्या पाच नोटा काढल्या, घडी इतकी बारीक की उलगडायला वेळ लागला. त्या दिवशी एकतीस प्रती गेल्या.

पहिलं प्रकरण फुकट देणं ही माझी अक्कल नाही. इंग्रजीत पौराणिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमीश त्रिपाठींनी २०१० मध्ये पहिल्या कादंबरीच्या वेळी दुकानांतून तेच केलं होतं. मी दुकानाऐवजी वर्ग धरला एवढंच.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे, ग्रंथालयाला एक प्रत भेट दे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, या दोन तारखांना शाळा पाहुणा शोधतच असतात. पण फेब्रुवारी अखेरीला दहावी-बारावीची डोकी परीक्षेत असतात. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा साध. पोरांना वेळ असतो आणि आई फराळाबरोबर भेटीचाही विचार करत असते. दिवाळी अंकांची सवय आपल्या घरांना १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आहे. त्या दिवसांत कागदावर पैसे खर्च करायला कुणाचा हात अडत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांना विसरू नकोस. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो आहेत आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात त्यांचे ग्रंथपाल एका जागी भेटतात. तिथे टेबल मिळालं तर स्वतः बस. पुस्तकाबरोबर बिलबुकही हवं, त्यांना पावतीशिवाय चालत नाही.

ई-बुकबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवं तर ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घालावं लागतं, एरवी पस्तीस. आणि ‘सिलेक्ट’मध्ये असेपर्यंत, म्हणजे नव्वद दिवसांच्या एकेका मुदतीत, तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे ठेवता येत नाही. तुझी आठ प्रकरणं प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या ॲपवर आहेत ना? मग आधी कुठलं घर ते ठरव. परदेशातल्या मराठी शाळांतल्या मुलांपर्यंत मात्र हाच रस्ता सोपा, टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो.

समारंभ करणार असशील तर तुझ्या जुन्या शाळेत कर, मधल्या सुट्टीत. शालीच्या पैशांत दोनशे पुस्तिका निघतील.

रविवारी सकाळी ये आणि पहिलं प्रकरण सोळा पानांत बसवून आण. सध्या ते एकोणीस पानांचं होतंय, नदीचं वर्णन तीन पानं खातं. पलंगाखाली अजून एक खोका आहे, त्यातली एक प्रत तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. पान ४७ उघड आणि ‘सूय’ शोध.

तुझी,
ताई