चारशे रुपयांची विंडोज की घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा की, पीसी घरीच असेंबल करताय, सगळे पार्ट आले आहेत आणि ऑनलाइन 400 रुपयांत विंडोज 11 ची की, म्हणजे ते ॲक्टिव्हेट करायचा 25 अक्षरी कोड, मिळतेय, तर घ्यावी का? माझं उत्तर : नको. कारण सांगतो, त्यात माझा एक गाढवपणाही आहे.

2019 मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले. दुकानदार म्हणाला, "साहेब, विंडोज मारून देतो, वेगळे पैसे नकोत." मीही खूश. सहाएक महिन्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी फिकट अक्षरं उगवली. मग लायसन्स कुठलं ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून स्लॅश आणि डी-एल-आय टाकलं. छोटी खिडकी उघडली, त्यात 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' हे शब्द. म्हणजे माझं विंडोज कंपन्यांना ठोक भावात देतात त्या जातीचं. ते दर 180 दिवसांच्या आत त्या कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावायला बघतं. माझ्या घरी कुठला आलाय सर्व्हर? दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "पुन्हा घेऊन या, मारून देतो."

स्वस्तातल्या कीज बहुतेक अशाच कुठून कुठून आलेल्या असतात. 25 अक्षरं चालली म्हणजे लायसन्स आपलं झालं असं नाही. पक्कं बिल मागा, विक्रेता तिथेच चुळबुळायला लागतो.

खरी निवड ओईएम (एका मशीनपुरतं लायसन्स) आणि रिटेल (सुटं विकत मिळणारं) यांच्यातली. ओईएम स्वस्त, पण मदरबोर्डला, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला, बांधलेलं. बोर्ड जळाला की तेही गेलं. रिटेल महाग, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. स्वतः पीसी जोडणारा माणूस तीन-चार वर्षांत बोर्ड बदलतोच, म्हणून मी रिटेल घेतलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवलं.

घाई मात्र करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज टाकायचा 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. इन्स्टॉल होतं. वॉलपेपर बदलता येत नाही आणि ती फिकट अक्षरं दिसतात, एवढंच. पार्ट नीट चालतात का, हे तपासायला तेवढं पुरे. फक्त तिथे होम आणि प्रो या आवृत्त्यांपैकी 'होम' निवडा. प्रो टाकून मागाहून होमची की आणलीत तर ती चालत नाही, सगळं पुन्हा टाकावं लागतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम, म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू आहे ना तेही बघा, एएमडीच्या प्रोसेसरवर त्याला एफटीपीएम म्हणतात, इंटेलच्या पीटीटी.

आणि नुसतं ब्राउझर, लेखन, सिनेमे एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच येतो. श्रीलिपी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर किंवा व्हॅलोरंट हा गेम लागत असेल तर विंडोजला पर्याय नाही. तुमचं काम कुठल्या जातीचं ते कळवा.