चर्चागटात नवखे लोक नेमकं कुठे चुकतात?

तुमचा प्रश्न असा: "एका ऑनलाइन चर्चागटात नुकताच आलो. पहिल्याच प्रश्नावर दोघांनी सुनावलं आणि प्रश्न बंद झाला. मी शिवी दिली नाही, वाद घातला नाही. मग चुकलं काय?"

शिवीगाळ टाळली की शिष्टाचार पाळला, असं असतं तर नियंत्रकांना कामच उरलं नसतं. मी एका तांत्रिक चर्चागटाचं नियंत्रण बघतो आणि तिथे येणारे बहुतेक नवखे सभ्यच असतात. फक्त ते गटाला कस्टमर केअर समजतात. उत्तर देणारा स्वतःच्या सवडीने, फुकट उत्तर देतो. आणि ते उत्तर पुढे हाच प्रश्न शोधत येणाऱ्यांनाही उपयोगी पडावं, अशी त्याची अपेक्षा असते.

शीर्षकापासूनच बघा. "अर्जंट मदत हवी!!!" (१९९५च्या 'आरएफसी १८५५' या नेटशिष्टाचाराच्या दस्तऐवजात कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं असं म्हटलंय. देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून आपण उद्गारचिन्हांवर भागवतो.) खाली एक ओळ, "प्रोग्राम चालत नाही, काय करू?" आणि मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो. कुठली आवृत्ती, काय करून पाहिलं, काही पत्ता नाही. म्हणजे उत्तराआधी उलटतपासणी आली. एररचा मजकूर कॉपी करून टाकला असता तर तो शोधता तरी आला असता. 'अर्जंट'चा परिणाम तर उलटाच होतो: घाई तुमची आणि वेळ दुसऱ्याचा, हे वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

याहून चकवणारी चूक म्हणजे खरी अडचण मनात ठेवून, आपणच ठरवलेल्या उपायाबद्दल विचारणं. समजा, कुणी विचारलं, "कोड दहा सेकंद थांबवायचा कसा?" लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी तक्रार येते की कधी चालतं, कधी नाही. मग खोदून विचारल्यावर कळतं की फाइल पूर्ण डाउनलोड होण्याआधीच पुढची पायरी सुरू होतेय. तिथे सेकंद मोजून उपयोग नाही, डाउनलोड संपल्याची खूण तपासायला हवी. पहिल्याच दिवशी "मला हे साधायचंय" असं लिहिलं असतं तर सगळ्यांचीच दमछाक वाचली असती.

एकच प्रश्न पाच ठिकाणी टाकून कुठेच त्याचा उल्लेख न करणं, उत्तर देणाऱ्याला खासगी मेसेज करून पिच्छा पुरवणं, हेही रोजचंच. पण माझं डोकं खरं फिरतं ते "सुटलं, धन्यवाद!" एवढंच लिहून गायब होणाऱ्यांवर. अहो, सुटलं कसं? काही जण तर उत्तर मिळताच प्रश्नच डिलीट करतात.

आरएफसी १८५५चा सल्ला असा की काहीही लिहिण्याआधी एक ते दोन महिने गट नुसता वाचा. आज इतकं कुणी थांबणार नाही, आणि थांबावं असंही मला वाटत नाही. वर पिन केलेले नियम आणि अलीकडे चांगली उत्तरं मिळालेले काही प्रश्न वाचले, तरी तिथली रीत कळते.

बाकी, जुनी मंडळी काही धुतल्या तांदळासारखी नसतात. 'नवागतांना चावू नका' अशी मार्गदर्शक सूचना इंग्रजी विकिपीडियाला उगाच नाही लिहावी लागली. तुम्हाला सुनावणाऱ्यांनी काय कमी आहे ते सांगितलं नसेल, तर चूक त्यांचीही आहे.

आता तोच प्रश्न नव्याने टाकू नका, तो डुप्लिकेट म्हणून पुन्हा बंद होईल. जुन्यातच दुरुस्ती करा: शीर्षकात नेमकी अडचण, खाली एररचा मजकूर, करून पाहिलेले उपाय. मग नियंत्रकांना तो पुन्हा उघडायची विनंती करा. आमच्याकडे तरी असे प्रश्न उघडले जातात.