मंडळीच्या पैशांत अफरातफर करणाऱ्याने माफी मागितली, तर विषय मिटवायचा की कारवाई करायची?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: तुमच्या चर्चच्या मंडळीच्या खजिनदारांनी दानाचे ८०,००० रुपये घरखर्चाला वापरले, हिशेबात सापडल्यावर रडून माफी मागितली. कमिटीतले काही म्हणतात, ‘प्रभूने क्षमा करायला सांगितलंय, प्रार्थना करा आणि मिटवा.’ बाकीचे म्हणतात, ‘पोलिसांत द्या.’

आधी हे ठरवा की माफ करण्याचा हक्क कोणाचा आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायातल्या येशूच्या दृष्टान्तात राजा चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे हे कर्ज कुणालाही फिटण्यासारखं नव्हतंच. पण ते राजाचं स्वतःचं येणं होतं आणि तोटा त्यानेच सोसला. तुमच्या कमिटीचं तसं नाही. ते ८०,००० रुपये दान देणाऱ्यांचे आहेत, त्यात एखाद्या विधवेने पेटीत टाकलेली नोटही असेल. कमिटीचा विश्वासघात झाला, तेवढा कमिटीने मनापासून माफ करावा. दुसऱ्याच्या पैशांवर उदार होणं ही दया नव्हे.

कोणाला खरोखर दया करायचीच असेल, तर प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र उघडा. तुझा दास अनेसिम याने काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, असं पौल लिहितो, आणि मी फेडीन असं स्वतःच्या हाताने नोंदवतो. कमिटीतल्या दोघा-तिघांनी आपल्या खिशातून काही हप्ते भरले, तर ती दया खरी.

भरपाईचं गणित जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात आहे: घेतलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पण (अपराधाबद्दलचं अर्पण) आणण्याच्या दिवशीच मालकाच्या हाती. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं, पण तो त्याच्या मनाचा उमाळा होता, ते इतरांवर लादू नये. तुमच्या बाबतीत ८०,००० अधिक १६,००० म्हणजे ९६,०००. महिना ८,००० धरले तर बारा हप्ते. त्यांचा पगार पाहून हप्ता ठरवा. घरात चूल पेटणार नाही इतका मोठा हप्ता लावला, तर तिसऱ्या महिन्यात तो चुकतो आणि लोक म्हणतात, पश्चात्ताप खोटा होता. पैसे रोख घेऊ नका, थेट मंडळीच्या बँक खात्यात भरायला सांगा. कबुली, रक्कम आणि तारखा लेखी असाव्यात, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मात्र ‘आम्ही तक्रार करणार नाही’ असं वकिलाला विचारल्याशिवाय लिहून देऊ नका. गुन्हा दडपण्याच्या बदल्यात केलेला करार कायद्यात टिकत नाही.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब तपासणी होते. म्हणून लेखापरीक्षकापासून हे लपवू नका. लपवलं तर उद्या विश्वस्तच अडचणीत येतात. खजिनदार कबुली फिरवत असतील, पावतीपुस्तकं देत नसतील किंवा रक्कम सांगितल्यापेक्षा मोठी निघाली, तर पोलिसांत जाणं हे सूड घेणं नाही. पौलाच्या रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय सूड देवावर सोडायला सांगतं आणि लगेच पुढचा अध्याय अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती, मिशनरी ग्रॅहम, आणि फिलिप व टिमथी ही दोन मुलं जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं, खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली.

पद ही वेगळी बाब आहे. क्षमा आजच करता येते, विश्वास मात्र परत मिळवावा लागतो. ‘क्षमा केली ना, मग त्यांनाच ठेवा’ असं म्हणणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा मोहात ढकलणं. त्यांना पैशांच्या कामातून पूर्ण बाजूला करा, पण उपासनेत आणि प्रभुभोजनात त्यांची जागा कशी राहील हे पाळकांनी त्यांच्याशी एकांतात बोलून ठरवावं. आणि नव्या खजिनदारांवरही एकट्याने भार टाकू नका: खात्यावर दोघांच्या सह्या, दानपेटी दोघांनी मिळून मोजणं, क्रमांक छापलेली पावतीपुस्तकं, दर तीन महिन्यांनी मंडळीपुढे हिशेबाचं वाचन.

बोलण्याचा क्रम मत्तय १८:१५-१७ चाच ठेवा: आधी एकट्याने, मग एक-दोन साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत घरोघर बातमी पोचवली, की हा क्रम तिथेच मोडतो. बायको-मुलांना यात ओढू नका.

हा सगळा सबुरीचा मार्ग पैशांच्या बाबतीत चालतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर चालत नाही. तिथे कमिटीने आपसात मिटवायचा प्रश्नच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नवऱ्याच्या माराला कंटाळलेल्या बाईला ‘सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर’ सांगून त्याच घरी परत पाठवणं हाही वचनाचा गैरवापर आहे. ती मनात क्षमा करत असतानाही सुरक्षित जागी राहू शकते आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते.

आणि कारवाईचा आग्रह धरणाऱ्यांसाठी पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, २:६-८. चुकलेल्या माणसाला बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, सांत्वन करा, नाहीतर तो अति दुःखाने बुडून जाईल, असं पौल तिथे सांगतो. शिक्षेला शेवट हवा. म्हणून शेवटची तारीख आजच करारात लिहा. बारावा हप्ता जमा झाला की कमिटीने ‘येणे बाकी नाही’ असं सही-शिक्क्याचं पत्र त्यांना द्यावं, आणि ज्या इतिवृत्ताच्या वहीत त्यांच्या अपराधाची नोंद झाली, त्याच वहीत फेडीचीही नोंद करावी.